वनांचे वर्गीकरण आणि निर्णयवृक्षांचे वन

हॅरी चॅम्पियन यांनी हिंदुस्थान व ब्रह्मदेश येथील वनप्रकारांची पाहणी १९३६ साली प्रसिद्ध केली, आणि पुढे एस. के. सेठ यांच्या सहकार्याने १९६८ साली तिची सुधारलेली आवृत्ती सिद्ध केली. भारतातील वने तीत १६ प्रमुख गटांत विभागलेली आहेत. अनुभवी वनाधिकारी रानात उभा राहून पाऊस, जमीन, वृक्षांची ठेवण अशी अनेक लक्षणे एका दृष्टिक्षेपात तोलतो. परंतु कोणत्या लक्षणास त्याने किती वजन दिले हे त्याला शब्दांत सांगता येतेच असे नाही. लक्षावधी भूखंडांचे वर्गीकरण करावयाचे झाल्यास हा मनातील निर्णय नियमबद्ध करणे अपरिहार्य ठरते.

त्याचा सर्वांत सुगम मार्ग निर्णयवृक्षाचा होय. ‘भूखंडाची उंची अमुक मीटरांहून अधिक आहे काय?’ असा एक प्रश्न विचारावयाचा, उत्तरानुसार नोंदींचे दोन भाग पाडावयाचे, प्रत्येक भागास पुन्हा नवा प्रश्न विचारावयाचा, आणि शेवटी प्रत्येक शाखेच्या टोकाशी एकाच वर्गाच्या नोंदी उराव्यात असा प्रयत्न करावयाचा. या पद्धतीस लिओ ब्राइमन व त्यांचे तीन सहकारी यांनी १९८४ च्या ग्रंथात शास्त्रीय बैठक दिली. तथापि एकट्या वृक्षाचा स्वभाव चंचल असतो. मूळ नोंदींपैकी थोड्या बदलल्या तर पहिलाच प्रश्न बदलतो, आणि त्यामागोमाग संपूर्ण वृक्ष निराळा होतो.

चंचलतेचाच उपयोग करून घेण्याची कल्पना यातून निघाली. एका वृक्षाऐवजी शेकडो वृक्ष वाढवावेत व बहुमताने निर्णय घ्यावा. परंतु सर्व वृक्ष एकसारखेच असतील तर शंभर मतांची किंमत एका मताइतकीच राहते. म्हणून ते एकमेकांपासून भिन्न राहतील अशी योजना करावी लागते. टिन काम हो यांनी १९९५ साली या दिशेने मांडलेला प्रयोग हस्तलिखित अंक ओळखण्याचा होता. ‘वन’ हे नाव रूढ झाले तेव्हा खऱ्या अरण्याशी त्याचा काहीही संबंध नव्हता! ब्राइमन यांच्या २००१ च्या निबंधात पद्धतीस आजचे रूप आले. प्रत्येक वृक्षासाठी मूळ नोंदींतून तितक्याच नोंदी चिठ्ठ्या टाकून निवडतात. मात्र उचललेली चिठ्ठी पुन्हा घागरीत टाकतात. त्यामुळे काही नोंदी अनेकदा येतात, तर सुमारे ३७ टक्के मुळीच येत नाहीत. शिवाय प्रत्येक फाट्यावर सर्व लक्षणांचा विचार न करता यदृच्छेने निवडलेल्या थोड्याच लक्षणांतून प्रश्न शोधतात. यामुळे प्रत्येक वृक्ष किंचित दुबळा होतो खरा, पण वृक्षांच्या चुकांमधील साम्य त्याहून अधिक घटते, आणि समूहाचा निर्णय सुधारतो. निवडीत न आलेल्या ३७ टक्के नोंदींवर त्या त्या वृक्षाची परीक्षाही घेता येते.

आता ही पद्धत खऱ्या अरण्यात नेऊन पाहू जाता काय घडते, हे अमेरिकेतील कोलोराडो राज्याच्या एका उदाहरणावरून चांगले कळते. जॉक ब्लॅकर्ड व डेनिस डीन यांनी रूझवेल्ट राष्ट्रीय वनातील ५,८१,०१२ चौरसांची सामग्री जमविली. प्रत्येक चौरस ३० मीटर बाजूचा, म्हणजे एकूण क्षेत्र सुमारे ५२३ चौरस किलोमीटर. उंची, उतार, उताराची दिशा, पाण्यापासूनचे अंतर, मातीचा प्रकार इत्यादी लक्षणांवरून सात वृक्षाच्छादनांपैकी कोणते आहे हे ओळखावयाचे होते. १९९९ च्या त्यांच्या निबंधात रेखीय विवेचक पद्धतीचे यश ५८.३८ टक्के, तर कृत्रिम चेतापेशी-जालाचे ७०.५८ टक्के दिले आहे. येथे एक गोष्ट नजरेआड होता कामा नये. लॉजपोल पाइनचे चौरस २,८३,३०१, म्हणजे जवळजवळ ४९ टक्के आहेत. डोळे मिटून प्रत्येक चौरसास ‘लॉजपोल पाइन’ म्हणणाराही निम्म्या परीक्षेत उत्तीर्ण होतो! उलट नदीकाठच्या कॉटनवुड व विलो वृक्षांचे चौरस केवळ २,७४७ आहेत. ते सर्वच्या सर्व चुकले तरी एकंदर यशात अर्ध्या टक्क्याचाही फरक पडत नाही. यास्तव एकच टक्केवारी सांगून थांबणाऱ्या निबंधाकडे संशयानेच पाहावे लागते. प्रत्येक वर्गाचे यश स्वतंत्र दिले पाहिजे.

याच सामग्रीतून बहुतेक चौरस शिक्षणासाठी यदृच्छेने उचलून उरलेल्यांवर परीक्षा घेतली, तर निर्णयवृक्षांचे वन ९५ टक्क्यांच्या आसपास यश दाखविते. हा आकडा खरा आहे. पण तो ज्या प्रश्नाचे उत्तर देतो तो प्रश्न निराळा आहे. एक हेक्टराच्या राईत असे ११ चौरस मावतात. त्यांतील आठ-नऊ शिक्षणात गेले व दोन परीक्षेत आले, तर त्या दोहोंचे उत्तर शेजाऱ्यांनी आधीच सांगितलेले असते. न पाहिलेल्या खोऱ्यात हे यश टिकेल असे त्यावरून मुळीच सिद्ध होत नाही. वगळलेल्या ३७ टक्के नोंदींची परीक्षाही याच दोषाने ग्रस्त असते, कारण तेथेही वगळलेल्या चौरसाचे शेजारी वृक्षाने पाहिलेले असतात. मध्य आफ्रिकेतील वनांच्या जैवभाराविषयी २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे स्पष्ट दिसले: यादृच्छिक परीक्षेत नमुन्याने निम्म्याहून थोडे अधिक विचरण समजाविल्याचे दिसत होते, परंतु दूरदूरचे प्रदेश वेगळे ठेवून परीक्षा घेताच ते सामर्थ्य जवळजवळ शून्यावर आले. म्हणून परीक्षेसाठी सुटे चौरस न वगळता संपूर्ण खोरी किंवा डोंगररांगा वगळणे हाच येथे योग्य मार्ग होय, जरी त्यामुळे आकडा घसरला तरी.

पद्धत कितीही सूक्ष्म असली तरी वर्गाची व्याख्या तिला बाहेरूनच मिळते. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या व्याख्येप्रमाणे किमान एक हेक्टर क्षेत्रावर वृक्षच्छत्र १० टक्के वा अधिक असल्यास ते वनाच्छादन ठरते, मग मालकी कोणाची का असेना आणि वृक्ष कोणत्याही जातीचा का असेना. अर्थात कोकणातील काजूची वा आंब्याची दाट बागही त्यात मोडते. येथे संगणकाची चूक झालेली नसते; त्याला तसेच शिकविलेले असते.

सीमाप्रदेशाचा प्रश्न याहून नाजूक आहे. महाबळेश्वरच्या पठारावरून वाईकडे उतरताना पाऊस झपाट्याने घटतो व सदाहरित रान विरळ होत शुष्क पानझडीत मिसळते. कोठेही रेघ आखलेली नसते. अशा ठिकाणी केवळ बहुमताचा निकाल छापण्याऐवजी मतांचे प्रमाणच नकाशावर उतरविणे अधिक उपयुक्त ठरते. पाचशेपैकी २६० वृक्षांनी ‘सदाहरित’ व २४० वृक्षांनी ‘पानझडी’ म्हटलेला चौरस आणि ४९० वृक्षांनी एकमुखाने ‘सदाहरित’ म्हटलेला चौरस यांना एकाच रंगाने रंगविल्यास, वनाधिकाऱ्याने नेमके कोठे पायी जाऊन पाहावे हे सांगणारी माहितीच पुसली जाते.