मागच्या दाराचा प्रश्न

काळप्रवासाच्या कथा म्हणजे यंत्रांची करमणूक, अशी माझी समजूत होती. ऑक्टेव्हिया बटलर या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिकेच्या 'किंड्रेड' (१९७९) या कादंबरीने ती मोडली. २०२२ साली तिच्यावर आठ भागांची दूरचित्रवाणी मालिकाही आली. येथे मात्र कादंबरीतील व्यक्तिरेखांचाच विचार करतो.

या कादंबरीत यंत्र नाही. १९७६ सालच्या कॅलिफोर्नियात राहणारी डेना ही कृष्णवर्णीय तरुणी एकाएकी एकोणिसाव्या शतकातील मेरीलँडमध्ये, गुलामांच्या मळ्यावर ओढली जाते. मळेवाल्याचा मुलगा रुफस मरणाच्या दारात असला की ती तिथे जाते. स्वतःच्या जिवावर बेतले की परतते. असे सहा वेळा घडते. हा गोरा रुफस तिचाच पूर्वज आहे. इकडे महिनाही सरत नाही, तिकडे तो पोराचा मालक होतो. तो जन्मतः राक्षस नाही. डेनाने बुडताना वाचवलेले हे पोर पुढे माणसे विकते, कारण बाप, कायदा आणि मळा त्याला तेच शिकवतात.

डेनातील बदल याहून महत्त्वाचा आहे. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या साराला ती आधी लाचार समजते. साराची तीन मुले मालकाने विकलेली आहेत. एक मुकी मुलगी तेवढी उरली आहे. तिच्यासाठी सारा गप्प आहे. पुढे एका गुलाम मुलाला वाचायला शिकवले म्हणून डेनाही चाबूक खाते. पळून जाते, पकडली जाते. शिकलेल्या माणसाचीही मान किती लवकर वाकते, हे तिला स्वतःच्या पाठीवर कळते.

बटलर यांची आई गोऱ्यांच्या घरी मोलकरीण होती. मागच्या दाराने आत जाई. महाविद्यालयात एका चळवळ्या तरुणाने मागच्या पिढ्यांचा केलेला धिक्कार बटलर यांना सलत राहिला. त्यातून ही कादंबरी आली.

तो तरुण मला ओळखीचा वाटतो. १९७२ साली ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तेव्हा मीही तरुण होतो. माझी आजी वाड्याच्या मागच्या दारी शिळी भाकर घेई. "आजे, लाज कशी वाटत नाही तुला?" असे मी तिला म्हणालो होतो. ती बोलली नाही. त्याच भाकरीवर माझा बाप जगला आणि शाळेत गेला.

साराला समजून घेणे म्हणजे गुलामी मान्य करणे नव्हे. शेवटी जबरदस्ती करू पाहणाऱ्या रुफसला डेना ठार मारते. ती परतते, पण डावा हात गमावून. आपला विद्रोह खराच होता. त्याचा रोख मात्र वाड्यातल्यांवर हवा होता; मी तो दाराबाहेर उभ्या असलेल्या आजीवर धरला.