आर्माडिलोच्या नावाचं सोनखत

टेक्सासमधल्या ऑस्टिन शहराने १९८९ मध्ये आपल्याच मैल्याचं खत करून विकायला काढलं आणि त्याचं नाव ठेवलं 'डिलो डर्ट'. हा डिलो म्हणजे आर्माडिलो, टेक्सासचा लाडका कवचधारी प्राणी. माती उकरणं हाच त्याचा उद्योग, तेव्हा नाव अगदी शोभून दिसलं!

मैलापाण्याचा गाळ नळांतून हॉर्न्सबी बेंड केंद्रात येतो. केंद्र कोलोराडो नदीकाठी आहे, पण ही ग्रँड कॅन्यनची कोलोराडो नव्हे. टेक्सासची स्वतःची वेगळी. तिथे गाळ आधी बंद टाक्यांत कुजवतात, मग त्यातलं पाणी काढतात. तरीही नुसत्या गाळाचा ढीग लावला तर आत हवा शिरत नाही आणि दुर्गंधी सुटते. म्हणून त्यात शहरातल्या अंगणांतून गोळा केलेला पाला आणि भरडलेल्या फांद्या मिसळतात. लाकडाच्या तुकड्यांमुळे हवेला वाट मिळते आणि जिवाणूंना कर्ब.

खरी कमाल यापुढे. या मिश्रणाचे लांबच लांब वरंबे घालतात. काडीही न ओढता ते आतून तापतात, कारण जिवाणूंच्या खाण्यापिण्यातूनच उष्णता निघते. १९९३ चा अमेरिकी नियम सांगतो की वरंब्याचा गाभा किमान १५ दिवस ५५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून गरम राहिला पाहिजे आणि तेवढ्यात तो किमान पाच वेळा उलटवला पाहिजे. कडेचा माल थंडच राहतो ना, त्यालाही आत जायची पाळी मिळायला हवी! थंडीच्या दिवसांत यंत्र वरंबा उलटवू लागलं की वाफेचे लोट उठतात. मग खत मुरवायचं, चाळायचं. नियमात बसलेलं हे खत भाजीच्या वाफ्यालाही चालतं.

टोमॅटोच्या बिया मात्र भारी चिवट! माणसाच्या पोटातून आणि गटारातून सहीसलामत निघून त्या गाळ वाळवायच्या वाफ्यांवर खुशाल उगवतात. त्यांची डाळ शिजत नाही ती तापलेल्या वरंब्यात.

हॉर्न्सबी बेंडची तळी पक्षीनिरीक्षकांचं आवडतं ठिकाण आहे. दुर्बिणी घेऊन लोक मैल्याच्या केंद्रात हौसेने जातात, हे मला फार आवडतं.

ऑक्टोबर २००९ मध्ये मात्र डिलो डर्टची परीक्षा झाली. ऑस्टिनच्याच झिल्कर पार्कच्या नव्या हिरवळीसाठी ते वापरलं होतं. तिथल्या संगीत महोत्सवात पाऊस कोसळला, हजारो पायांखाली मैदानाचा चिखल झाला आणि वासही सुटला. खत सुरक्षित आहे, हे महापालिकेला लोकांना पुन्हा समजवावं लागलं.

उष्णतेने जंतू मरतात, शिसं किंवा पारा जात नाही. म्हणून धातूंच्या मर्यादा नियमातच घातल्या आहेत. न विघटणारी 'पीफास' रसायनंही वरंब्याला दाद देत नाहीत. त्यांच्यापायी अमेरिकेतल्या मेन राज्याने २०२२ मध्ये मैल्याचा गाळ आणि त्याचं खत जमिनीवर टाकायला बंदीच घातली. यात बिचाऱ्या जिवाणूंचा काय दोष? ही रसायनं गटारात उतरण्याआधी कारखान्याच्या दारातच अडवायला हवीत.