खाडीचा मुका साक्षीदार

नदी समुद्राला मिळते, तेथे खाडी तयार होते. कोकणातील मुलांना खाडीची ओळख करून द्यावयास नको. भरतीच्या वेळी समुद्राचे खारे पाणी आत शिरते, ओहोटीच्या वेळी ते मागे सरते, आणि नदीने वाहून आणलेला गाळ काठाकाठाने साचत राहतो. या गाळात किडे, कृमी व शिंपले यांची वस्ती असते, आणि त्यांच्या आधाराने माशांची असंख्य पिल्ले वाढतात. जगातील बहुतेक खाड्यांची रीत अशीच आहे. परंतु नदी केवळ गाळच आणीत नाही. शहरांचे सांडपाणी, कारखान्यांतील रसायने, बोटींतून सांडलेले तेल, हे सारे अखेरीस खाडीतच येऊन पडते.

खाडी दूषित झाली आहे काय, हे कसे ओळखावे? बाटलीत पाणी भरून ते तपासावे, असे उत्तर सहज सुचते. हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. भरती-ओहोटीमुळे खाडीतील पाणी दर काही तासांनी बदलते. सकाळी भरलेली बाटली संध्याकाळच्या पाण्याविषयी काय सांगणार? शिवाय कित्येक विषारी द्रव्ये पाण्यात फारशी विरघळत नाहीत. ती गाळाच्या कणांना चिकटून तळाशी जाऊन बसतात. वरचे पाणी नितळ दिसते आणि तळाशी विष साचत असते. म्हणून शास्त्रज्ञांना असा साक्षीदार हवा असतो, की जो रात्रंदिवस त्याच जागी राहतो, तेथलेच अन्न खातो आणि ज्याच्या शरीरावर त्या जागेच्या बऱ्यावाईटाची नोंद होत जाते. मासा हा असा साक्षीदार आहे.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर व्हर्जिनिया राज्यात एलिझाबेथ नावाची नदी आहे. नाव नदीचे असले, तरी ती वस्तुतः भरती-ओहोटीची खाडीच होय. नॉरफोक व पोर्ट्समथ ही बंदरे तिच्याच काठी वसली आहेत. याच काठावर पूर्वी लाकडाला क्रिओसोट लावण्याचे कारखाने होते. क्रिओसोट म्हणजे दगडी कोळशाच्या डांबरापासून काढलेले काळपट तेल. ते मुरविलेले लाकूड लवकर कुजत नाही व त्यास वाळवी लागत नाही. म्हणून रेल्वेच्या रुळांखालचे स्लीपर, तारांचे खांब व धक्क्यांचे खुंट यांसाठी त्याचा उपयोग होई. लाकूड टिकले खरे. परंतु सांडलेले तेल वर्षानुवर्षे झिरपत खाडीच्या तळाशी जाऊन बसले.

या खाडीत बोटभर लांबीचा एक मासा राहतो. त्याचे नाव मम्मीचॉग. अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या भाषेतून आलेल्या या नावाचा अर्थ ‘घोळक्याने फिरणारे’ असा आहे. हा मासा मोठा काटक. पाणी खारे असो वा गोडे, उष्ण असो वा थंड, तो तग धरतो. १९७३ साली अमेरिकेने ज्या माशांना प्रथम अंतराळात नेले, ते मम्मीचॉगच होते. तथापि त्याचा एक स्वभाव शास्त्रज्ञांना विशेष उपयोगी पडला. तो घर सोडून फारसा दूर जात नाही. काठालगतच्या थोड्याशा टापूतच त्याचे आयुष्य जाते. तेव्हा त्याला रोग झाला, तर तो त्या टापूतच जडला असला पाहिजे, असे अनुमान काढता येते.

व्हर्जिनियातील सागरी विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या खाडीतील एका क्रिओसोट कारखान्याजवळचे मम्मीचॉग पकडले. कमी दूषित अशा आणखी दोन ठिकाणचे मासेही त्यांनी तुलनेसाठी घेतले. तुलनेवाचून निष्कर्ष काढणे म्हणजे एकाच बाजूचे ऐकून निवाडा देणे होय! मग त्यांनी माशांची यकृते तपासली. शरीरात शिरलेल्या विषारी द्रव्यांचा निचरा करण्याचे काम मुख्यतः यकृत करते. म्हणून विषाचा घाव पुष्कळदा प्रथम यकृतावरच पडतो. यकृताचे अतिशय पातळ काप करून ते रंगविले व सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, म्हणजे निरोगी पेशी आणि बिघडलेल्या पेशी वेगळ्या ओळखता येतात.

या तपासणीचा निष्कर्ष १९९० साली प्रसिद्ध झाला. कारखान्याजवळच्या दर शंभर माशांपैकी सुमारे ९३ माशांच्या यकृतावर नुसत्या डोळ्यांना दिसतील असे विकार होते, आणि सुमारे ३३ माशांना यकृताचा कर्करोग झालेला होता. उलट, इतर दोन ठिकाणच्या माशांत हे विकार आढळले नाहीत. तिन्ही ठिकाणचा गाळही तपासण्यात आला. जेथे मासे आजारी, तेथील गाळात क्रिओसोटमधील घातक द्रव्यांचे प्रमाण इतर ठिकाणांच्या कित्येक पटींनी अधिक होते. मुक्या साक्षीदाराची साक्ष गाळानेही खरी ठरविली.

येथे एक शंका मनात येते. एवढे विष असूनही तेथे मासे जगले कसे? पुढील प्रयोगांत या प्रश्नाचा उलगडा झाला. जी पिल्ले हे विष मुळीच सोसू शकत नव्हती, ती पिढ्यान् पिढ्या मरत गेली. जी सोसू शकली, त्यांचीच संतती वाढली. परंतु ही सोसण्याची शक्ती फुकट मिळाली नाही. पाण्यातील प्राणवायू कमी झाला, की या माशांची पिल्ले स्वच्छ पाण्यातील माशांच्या पिल्लांपेक्षा लवकर दगावत. खाडीत मासे पोहत आहेत, एवढ्यावरून खाडी निरोगी आहे असे म्हणता येत नाही, ते यामुळेच. जगणे निराळे आणि निरोगी असणे निराळे.

ही साक्ष वाया गेली नाही. याच खाडीवर मनी पॉइंट नावाची दुसरी एक जागा अशीच दूषित झाली होती. २००९ सालापासून तेथील विषारी गाळ उपसून काढण्यात आला, तळावर स्वच्छ वाळू पसरण्यात आली आणि काठावर खाडीचे गवत पुन्हा लावण्यात आले. त्यानंतरच्या तपासण्यांत मम्मीचॉगमधील कर्करोगाचे प्रमाण पुष्कळ घटलेले दिसून आले. खाडी बिघडली हे ज्याने सांगितले, ती सुधारत आहे हेही त्याच माशाने सांगितले.

मासा बोलत नाही, तक्रार करीत नाही, आणि आपली खाडी सोडून दुसरीकडे राहावयासही जात नाही. माणूस पाण्यात जे टाकतो, त्याची खूण तो निमूटपणे आपल्या शरीरावर वागवितो. त्याची साक्ष वेळीच वाचणे आणि तिच्याप्रमाणे वागणे, हे मात्र माणसाच्या हाती आहे.