द्राक्षांची गाडी, रोजा आणि झोप

तासगाव-मिरजेकडच्या द्राक्षांचा हंगाम आणि रमजान सध्या हातात हात घालून येतात. 2024 ला पहिला रोजा 12 मार्चला होता, 2025 ला 2 मार्चला. त्यामुळे सांगली-साताऱ्यातल्या कितीतरी घरांत सहरीच्या दस्तरखानावर एकाची जागा रिकामी असते. तो वाशीच्या वाटेवर असतो.

आम्ही एका फेरीचा हिशेब कागदावर मांडून पाहिला. तासगाव ते वाशी साधारण 360 किलोमीटर. भरलेली गाडी सरासरी ताशी 40 ने धरली, तर नुसतं चालवणंच 9 तास. बागेतच रोजा सोडून, मगरिब पढून सातला निघालं, तर न थांबता पहाटे चारला वाशी. मालकाच्या डोक्यात हाच हिशेब असतो. त्यात थांबा कुठेच नसतो. तो ड्रायव्हरने आपल्या हिमतीवर काढायचा.

थांबायचं कुठे, हे रस्ताच सांगतो. साताऱ्याहून पुण्याकडे जाताना खंबाटकीच्या जुन्या बोगद्यानंतरचं उताराचं वळण आणि पुढे कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार, दोन्ही अपघातांसाठी बदनाम. डिझेल वाचवायला काहीजण इथे गाडी न्यूट्रलला टाकतात, त्याला काय म्हणावं! म्हणून पहिला पाऊण तास बोगद्याच्या आधी, भुईंज-सुरूरच्या आसपास, रात्री साडेदहाच्या सुमारास घ्यावा. इशाही तिथेच होते. पण नमाजची दहा मिनिटं म्हणजे विश्रांती नव्हे. पाठ टेकायला हवी. दुसरा अर्धा तास पुण्यानंतर, एक्स्प्रेसवेचा घाट लागण्याआधी. वाशी सव्वापाचला येते. सहरीचा डबा मात्र घरूनच हवा, तिथे पोहोचून शोधाशोध करायला वेळ उरत नाही.

1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने हेच घालून दिलं होतं: सलग 5 तासांपेक्षा जास्त काम नाही, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती आणि दोन दिवसांच्या कामांमध्ये सलग 9 तास मोकळे. पण तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्यांसाठी होता. आपल्याकडे एक-दोन गाड्यांचेच मालक जास्त.

खरा घात परतीत आहे. माल उतरला की सकाळी आठ-नऊला फोन येतो, ‘निघालास का? संध्याकाळी भरायचंय.’ रात्रभर जागा, पोटात रोजा आणि वर दुपारचं ऊन. गाडी रिकामी म्हणून कुणाला काळजी नसते. चालवणारा तोच असतो, एवढं विसरलं जातं.

एक गोष्ट घरच्यांसाठी. मुसाफिराला रोजा पुढे ढकलून नंतर पुरा करण्याची सवलत खुद्द कुरआनने, सूरह बकराने दिली आहे. ती घेणाऱ्याला ‘रोजा सोडलास?’ म्हणून टोचू नये. आणि मुलांना अब्बांशी बोलायचं असेल तर साडेदहाच्या थांब्याची वेळ ठरवून घ्यावी.

आठला मोकळा झालेला माणूस 9 तासांनी, म्हणजे संध्याकाळी पाचला निघाला, तर तासगावला मध्यरात्र उलटते. त्या दिवसाचं भरणं हुकतं, आठवड्यात एखादी फेरी कमी होते. ते भाडं मालकाने सोडायचं, बागायतदाराने दुसरी गाडी लावायची की ड्रायव्हरच्या पगारातून कापायचं, हे पहिली पेटी भरण्याआधीच ठरवून घ्यावं. हंगाम सुरू झाल्यावर कुणाला बोलायला फुरसत नसते.