तापलेला अरबी समुद्र

माणसाच्या व्यवहारांमुळे पृथ्वीवर साठत चाललेल्या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक उष्णता समुद्रांनी शोषून घेतली आहे. तापमानवाढीची चर्चा बहुधा उन्हाळ्याच्या झळांपुरती होते; पण या वाढीचा खरा हिशेब समुद्रात मांडला जातो. हिंदी महासागर झपाट्याने तापत असून १९५० नंतरच्या सात दशकांत त्याच्या पृष्ठभागाचे तापमान शतकाला सुमारे १.२ अंश सेल्सिअस या वेगाने वाढले. या महासागराचाच भाग असलेला अरबी समुद्रही त्याबरोबर तापला आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या ऋतुमानाची जुनी गणिते चुकू लागली.

सूर्याच्या उष्णतेने तापलेली जमीन आणि पाणी ही उष्णता पुन्हा अवकाशाकडे सोडतात. वाटेत हवेतील बाष्प, कार्बन डायऑक्साइड, मिथेन हे वायू तिचा काही भाग अडवतात. ही अडवणूक मुळात उपकारक आहे. ती नसती, तर पृथ्वीचे सरासरी तापमान आजच्या सुमारे १५ अंशांऐवजी उणे १८ अंश असते. बिघाड झाला तो प्रमाणात. कोळसा जाळून हवेतला कार्बन वाढला तर पृथ्वी तापेल, असे गणित स्वीडिश शास्त्रज्ञ स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्येच मांडले होते. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख रेणूंत कार्बन डायऑक्साइडचे साधारण २८० रेणू असत. १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटांवरील मौना लोआ येथे नियमित मोजणी सुरू केली तेव्हा ते ३१५ होते. आज ते ४२० च्या पुढे आहेत. वीजकेंद्रांतला कोळसा, वाहनांतले तेल, सिमेंट व पोलादाचे कारखाने आणि जंगलतोड ही त्याची मुख्य कारणे. गुरे, भातखाचरे, कचऱ्याचे ढीग आणि तेल-वायूच्या विहिरी यांतून निघणारा मिथेन त्यात भर घालतो.

अरबी समुद्र पूर्वी बंगालच्या उपसागराच्या मानाने शांत गणला जाई. उपसागरात चार चक्रीवादळे झाली तर इकडे एक, असे सर्वसाधारण प्रमाण होते. नैर्ऋत्य मोसमी वारे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यालगतचे पाणी ढकलत नेतात, त्याच्या जागी खालचे थंड पाणी वर येते आणि समुद्र निवतो. चक्रीवादळ पोसायला पृष्ठभागाचे तापमान साधारण २६.५ अंशांच्या वर लागते. हा उंबरठा अरबी समुद्र आता मोसमी पावसाच्या आधी आणि नंतर सहज, आणि बराच, ओलांडतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांच्या अभ्यासानुसार २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली, बंगालच्या उपसागरात मात्र ती थोडी घटली. एकट्या २०१९ मध्ये इकडे पाच वादळे झाली. त्यांपैकी ‘क्यार’ हे महाचक्रीवादळ होते. हे वादळ ऑक्टोबरमध्ये, म्हणजे पावसाळी बंदीनंतर मासेमारीचा हंगाम नुकता जोर धरत असताना आले आणि ऐन कमाईच्या दिवसांत होड्या बंदरात नांगरून ठेवाव्या लागल्या.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरहून अधिक होता. श्रीवर्धन, मुरूड, दापोली या तालुक्यांतल्या नारळ-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. अशा वाडीत नारळाच्या सावलीत पोफळ, पोफळीवर मिरीचा वेल आणि मध्ये जायफळ, दालचिनी अशी लागवड असते. उंच झाडे कोसळली, की खालची पिकेही त्यांच्याखाली चिरडतात. पोफळ लावल्यापासून उत्पन्न हाती यायला सहा-सात वर्षे जातात, म्हणून अशा कुटुंबाचे नुकसान एका हंगामापुरते राहत नाही. त्यात सरकारी मदतीचे निकष हेक्टरी होते आणि कोकणातली वाडी काही गुंठ्यांची. हाती पडणारी रक्कम इतकी तुटपुंजी ठरली, की पुढे झाडागणिक मदत ठरवावी लागली. नियम जुन्या हवामानाचे आणि संकट नव्या हवामानाचे, हे तेव्हा उघडे पडले.

पावसाची रीतही बदलली आहे. तापमान एक अंशाने वाढले, की हवा सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरून ठेवू शकते. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि तापलेल्या अरबी समुद्रावरून येणारे बाष्प त्यामागचे प्रमुख कारण असल्याचे आढळले आहे. एकूण पाऊस वाढलेला नसताना तो थोड्या दिवसांत कोसळतो. मधल्या कोरड्या दिवसांत पेरणी वाया जाते, आणि नंतरची झड माती वाहून नेते. जुलै २०२१ मध्ये चिपळूण शहर पाण्याखाली गेले आणि त्याच पावसात महाड तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळली. एखाद्या पुराचा सगळा दोष तापमानवाढीवर टाकणे बरोबर नाही. गाळाने भरलेल्या नद्या आणि पूररेषेतली बांधकामे यांचाही त्यात वाटा असतो. पण पाऊस अधिक मुसळधार होत असताना अशा चुकांची किंमत कितीतरी पटींनी वाढते.

पाण्याखालचे नुकसान चटकन दिसत नाही. वरचा थर तापून हलका झाला, की खालच्या पोषक पाण्यात तो नीट मिसळत नाही, आणि माशांचे मूळ अन्न असलेले वनस्पतिप्लवक घटतात. पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत ही घट २० टक्क्यांपर्यंत नोंदवली गेली. लक्षद्वीपची प्रवाळे १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये उष्णतेने पांढरी पडली.

उपाय दोन पातळ्यांवर करावे लागतात. पहिला, उत्सर्जन घटवण्याचा. सौर आणि पवन ऊर्जा, विजेवर चालणारी सार्वजनिक वाहतूक, घातक शीतक वायूंना पर्याय, कचऱ्यातील मिथेन अडवणे, ही तंत्रे आज हाताशी आहेत. २०३० पर्यंत ५०० गिगावॉट बिगर-जीवाश्म वीजक्षमता आणि २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन हे भारताचे जाहीर उद्दिष्ट आहे. महाराष्ट्रात सौरविजेवर शेतीपंप चालवण्याच्या योजनेमुळे कोळसा वाचतो आणि शेतकऱ्याला रात्रीऐवजी दिवसा पाणी देता येते. ज्या देशांनी दीडशे-दोनशे वर्षे इंधन जाळून संपत्ती कमावली, त्यांच्यावर अर्थातच अधिक भार पडायला हवा.

दुसरा उपाय बचावाचा. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे मेली. २०१३ च्या ‘फायलिन’ वादळात मृतांचा आकडा पन्नाशीच्या आत राहिला, कारण वेळेवर इशारा मिळाला, निवारे तयार होते आणि लाखो लोकांना आधीच हलवले गेले. कोकणाला हीच तयारी हवी: भूमिगत वीजवाहिन्या, गावोगावी पक्के निवारे, झाडागणिक पीकविमा आणि खाड्यांच्या तोंडाशी राखलेली कांदळवने. कांदळवन लाटांचा जोर मोडते, किनारा धरून ठेवते आणि चिखलात कार्बनही साठवते. ते तोडून भराव घालणे हा आत्मघात आहे. उत्सर्जन उद्या पूर्ण थांबले, तरी समुद्राची पातळी पुढची कित्येक शतके वाढत राहणार आहे. म्हणून किनाऱ्यावरचा प्रत्येक रस्ता, बंदर आणि वस्ती यापुढे त्या वाढत्या समुद्राचा हिशेब धरूनच आखली पाहिजे.