मृत्तिकेचे अदृश्य रहिवासी : लेखांक सातवा – जीवाणू आणि विषारी धातू

वालपापडीच्या मुळांवरील गाठींत वस्ती करून हवेतील नत्र रोपास पुरविणाऱ्या जीवाणूंची ओळख गेल्या सप्ताहातील लेखांकात करून घेतली, तेव्हा सुरतेच्या कतारगामचा उल्लेख ओघानेच आला. कारण तापीने शतकानुशतके आणून टाकलेल्या गाळात पोसलेली कतारगामची पापडी हा उंधियो या मिश्र भाजीचा प्राण समजला जातो. त्या गावच्या शेतांवर आज बहुतांशी वस्ती, हिऱ्यांचे कारखाने आणि औद्योगिक वसाहत उभी आहे. आणि ज्या शहराची कीर्ती चांदीच्या व तांब्याच्या तारेवर मुलामा चढवून केलेल्या जरीमुळे देशोदेशी पोहोचली, त्या शहराच्या संदर्भात मुलाम्याच्या हौदातील धुवण मातीत उतरले तर तेथील सूक्ष्म जीव त्याचा काय बंदोबस्त करतात, हा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाही.

प्रथम एक भेद ध्यानी घ्यावा. सेंद्रिय विषाचे विघटन करून जीवाणू त्याचा मागमूसही नाहीसा करू शकतो. परंतु तांबे, शिसे, कॅडमियम ही मूलद्रव्ये असल्यामुळे त्यांचा नाश कोणत्याही जीवाला साध्य नाही. त्यांना अडकवून ठेवणे, त्यांचे रूप पालटणे किंवा त्यांची हद्दपारी करणे, एवढेच त्याच्या हाती असते.

अडकविण्याचे काम पेशीभित्तीपासूनच सुरू होते. तिच्यातील कार्बॉक्सिल आणि फॉस्फेट गटांवर ऋण विद्युत्भार असतो, धातूंच्या आयनांवर धन. म्हणून मातीतील पाण्यातून वाहणारे आयन तेथे खिळून राहतात. कॅनडातील बेव्हरिज आणि मरे या संशोधकांनी १९७६ साली बॅसिलस सबटिलिस या मातीतील जीवाणूच्या भित्ती वेगळ्या काढून त्या विविध धातू किती प्रमाणात धरून ठेवतात हे दाखवून दिले. या क्रियेला प्राणशक्तीची गरजच नाही, मृत पेशीही धातू धरते, ही गोष्ट मला विशेष विलक्षण वाटते; आणि सांडपाण्यातील धातू काढून घेण्यासाठी वाळविलेल्या जीवाणूंचा उपयोग करण्याची कल्पना याच गुणावर आधारलेली आहे. असा धातू सौम्य आम्लाने पुन्हा सोडवूनही घेता येतो.

भित्ती ओलांडून आत शिरलेल्या धातूची कथा निराळी आहे. मँगनीज किंवा जस्त यांच्यासाठी राखलेल्या द्वारातून कॅडमियम आत येते आणि प्रथिनांच्या गंधकयुक्त भागांस चिकटून त्यांचे कार्य बंद पाडते. त्यावर काही जीवाणू गंधकयुक्त अमिनो आम्लांनी समृद्ध अशा खास प्रथिनांत त्यास कैद करतात. काही ऊर्जा खर्चून त्यास पुन्हा बाहेर रवाना करतात. बेल्जियममधील एका जस्त कारखान्याच्या निवळणीच्या कुंडात १९७६ साली सापडलेला, आज कुप्रिआव्हिडस मेटॅलिड्युरन्स या नावाने ओळखला जाणारा जीवाणू या हद्दपारीत निष्णात असून, त्याच्या या विद्येचा मोठा भाग दोन प्लास्मिडांवर, म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरील डीएनएच्या वलयांवर, लिहिलेला आहे. पाऱ्याच्या आयनांचे वाफ होऊन उडून जाणाऱ्या पाऱ्यात, किंवा अतिविषारी षट्संयुजी क्रोमियमचे त्रिसंयुजी, कमी विद्राव्य रूपात परिवर्तन करणारे जीवाणूही आहेत.

तथापि शेतातल्या मातीतून ती धातू धारण केलेली पेशी वेगळी काढून नेता येत नाही. माती आम्लधर्मी झाली म्हणजे बांधलेला धातू पुन्हा सुटतो. शिवाय धातूचा जाच सर्वच जीवाणूंस सारखा सोसवत नाही, आणि नत्रस्थिरीकरण करणारे रायझोबियम त्यात फार नाजूक ठरतात. इंग्लंडमधील वोबर्न येथे १९४२ ते १९६१ या काळात ज्या शेतात धातूयुक्त शहरी मैलागाळ घातला गेला, तेथील मातीत गाळ बंद झाल्यावर दोन दशके उलटूनही पांढऱ्या क्लोव्हरच्या मुळांवर गाठी येत, परंतु त्या नत्र बांधीत नसत; कारण तेथे तग धरून राहिलेला रायझोबियम गाठी करण्यापुरताच समर्थ होता. वालपापडीशी सोबत करणारे ब्रॅडीरायझोबियम निराळ्या कुळातले असले, तरी कतारगामच्या आसपास जेथे अद्याप पापडीचे वाफे उरले आहेत तेथील मुळे उपटून पाहावीत, आणि गाठी केवळ मोजण्यावर न थांबता त्या चिरून आतील रंग तांबूस आहे की पांढुरका, हे तपासावे. कारण काम करणारी गाठ आतून तांबूस असते.