स्टॉकच्या वडीवरून संसदेपर्यंत

भांडण सुरू झालं ते ऑक्सोच्या वडीवरून. रश्शाला चव यावी म्हणून घालतात ती चौकोनी वडी. जानेवारी २००७ मध्ये चॅनल ४ वाहिनीच्या 'सेलिब्रिटी बिग ब्रदर'च्या घरात चेंबूरला लहानाची मोठी झालेली शिल्पा शेट्टी आणि दक्षिण लंडनची जेड गुडी या वडीवरून एकमेकींवर तुटून पडल्या. त्याच आठवड्यात या कार्यक्रमाचा विषय ब्रिटिश संसदेत निघाला. पंतप्रधान टोनी ब्लेअर यांना उत्तर द्यावं लागलं. अर्थमंत्री गॉर्डन ब्राऊन नेमके भारत दौऱ्यावर होते. त्यांना इथल्या पत्रकारांनी गाठलं. पाटण्यात निर्मात्यांचे पुतळे जळाले.

रिअॅलिटी शो म्हणजे फावल्या वेळचा तमाशा, असं म्हणून नाक मुरडणाऱ्यांची त्या आठवड्यात पंचाईत झाली. वंशभेदावरच्या एखाद्या गंभीर माहितीपटाला जमलं नसतं, इतक्या घराघरांत हा विषय पोहोचला होता.

घडलं होतं काय? जेडच्या आईला शिल्पाचं नाव घेता येईना, किंवा घ्यायचं नव्हतं. मॉडेल डॅनिएल लॉइडला प्रश्न पडला, की हाताने खातात ते भारतात की चीनमध्ये. शिवाय शिल्पाने हात लावलेलं अन्न खावं का, ही शंका होतीच. गायिका जो ओमेराने तर भारतीय माणसं सडपातळ का असतात याचं कारणही शोधलं: कच्चंपक्कं खाऊन ती सतत आजारी पडतात म्हणून! जेडने शिल्पाच्या आडनावाच्या जागी 'पॉपाडम' लावलं. पॉपाडम म्हणजे ब्रिटनमधल्या भारतीय हॉटेलांत जेवणाआधी येतो तो आपला पापड.

यातलं एकेक वाक्य सुटं काढलं तर 'थट्टा होती हो' म्हणून झटकता येतं. रोजच्या जगण्यातला वंशभेद बहुतेकदा असाच असतो, म्हणून तो सिद्ध करणं अवघड जातं. इथे मात्र भिंतीभिंतीवर कॅमेरे होते. थट्टेची पुटं एकावर एक कशी चढतात आणि तिघीजणी मिळून चौथीला कशा एकटी पाडतात, हे लाखो लोकांनी सलग पाहिलं. ब्रिटनमधल्या दक्षिण आशियाई कुटुंबांना शाळेच्या मैदानापासून ऑफिसच्या कँटीनपर्यंत हेच सोसावं लागलं होतं, फक्त तिथे चित्रीकरण कोणी करत नव्हतं. 'ऑफकॉम' या प्रसारण नियामकाकडे सुमारे ४४,५०० तक्रारी गेल्या. तोवरचा तो विक्रम होता.

वाहिनीचा पहिला पवित्रा मात्र वेगळा होता. उघड वंशद्वेष काही दिसत नाही, हा संस्कृतीचा आणि वर्गाचा खटका आहे, असं तिचं म्हणणं. ही सारवासारव होती, पण वर्गाचा मुद्दा खोटा नव्हता. शिल्पा सुखवस्तू घरातली, कॉन्व्हेंटचं इंग्रजी बोलणारी सिनेतारका. जेड गरिबीत, व्यसनी आईबापांच्या घरी वाढलेली. २००२ च्या 'बिग ब्रदर'मध्ये ईस्ट अँग्लिया हा इंग्लंडचा भाग परदेशात आहे असं वाटल्याबद्दल वर्तमानपत्रांनी तिची यथेच्छ टिंगल केली होती. तिचे वडील मिश्रवर्णीय होते, हेही या गोंधळात मागे पडलं. तिचं बोलणं त्यामुळे क्षम्य ठरत नाही. पण तिच्यावर तुटून पडताना सुशिक्षित ब्रिटनने वंशभेदाचं सगळं खापर एका अडाणी, कामगारवर्गीय बाईच्या डोक्यावर फोडून घेतलं, आणि ते त्याला फारच सोयीचं गेलं.

कार्फोन वेअरहाऊस या प्रायोजकाने अंग काढून घेतलं. १९ जानेवारीला ८२ टक्के मतांनी जेड घराबाहेर गेली आणि २८ तारखेला शिल्पा ६३ टक्के मतं घेऊन जिंकली. मे महिन्यात ऑफकॉमने चॅनल ४ ला दोषी ठरवलं आणि हा निष्कर्ष वाहिनीवरूनच जाहीर करायला लावला.

पुढच्या वर्षी 'बिग ब्रदर'चा भारतीय अवतार असलेल्या 'बिग बॉस'च्या दुसऱ्या पर्वाची सूत्रसंचालक शिल्पा होती, आणि लोणावळ्याच्या त्या घरात आली जेड. तिथेच तिला कर्करोग झाल्याचं कळलं आणि ती परतली. मार्च २००९ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी ती गेली.

ब्रिटनमध्ये हे सारं न ठरवता घडलं. अमेरिकेत 'सेलिब्रिटी बिग ब्रदर'च्या या वादाच्या आदल्याच वर्षी ते ठरवून करून पाहिलं गेलं होतं. सीबीएस वाहिनीच्या 'सर्व्हायव्हर: कुक आयलंड्स'मध्ये २० स्पर्धकांच्या वंशानुसार चार टोळ्या पाडल्या: कृष्णवर्णीय, आशियाई, लॅटिनो आणि गोरे. प्रक्षेपणाआधीच न्यूयॉर्कच्या नगरसेवकांनी निषेध केला. प्रत्यक्षात दोन भागांनंतर टोळ्यांची सरमिसळ झाली आणि खेळ नेहमीच्या वळणावर गेला. हाती लागलं ते भलतंच. कोरियन, व्हिएतनामी, फिलिपिनो अशा वेगवेगळ्या मुळांच्या माणसांना 'आशियाई' या एका गाठोड्यात कोंबलं, की त्यांची आपसांतही सहज मोट बांधली जात नाही, हे तिथे दिसलं. शेवटी जिंकला युल क्वॉन हा कोरियन वंशाचा तरुण. अमेरिकी पडद्यावर आशियाई पुरुष क्वचितच दिसतो तसा: शांत, डावपेचात तरबेज आणि सर्वांना हवासा.

निर्मात्यांची योजना अशी वाऱ्यावर गेली, पण पंधरा वर्षांनी दुसऱ्याच एका कार्यक्रमात स्पर्धकांनी आपली योजना तडीस नेली. अमेरिकेच्या मूळ 'बिग ब्रदर'मध्ये २२ हंगामांत एकही कृष्णवर्णीय विजेता झाला नव्हता. २०१३ च्या हंगामात तर काही स्पर्धकांच्या वंशद्वेषी शेऱ्यांमुळे वाहिनीला हात झटकणारी सूचना दाखवावी लागली होती. २०२० मध्ये सीबीएसने आपल्या रिअॅलिटी शोंमधले निम्मे स्पर्धक गौरेतर असतील असं जाहीर केलं. तोवर घरात एखाददुसराच कृष्णवर्णीय असायचा. २०२१ मध्ये सहा कृष्णवर्णीय स्पर्धक आले आणि त्यांनी 'कुकआउट' नावाची गुप्त आघाडी बांधली.

सहा जणांचं एकमेकांशी फार जमत होतं असं नाही. पण बाहेर संशय येऊ नये म्हणून टिफनी मिचेलने युक्ती काढली: प्रत्येकाने आघाडीबाहेरचा एक भिडू जवळ करायचा, म्हणजे नामांकनाच्या वेळी दोघांना जोडीने उभं करता येईल आणि मतं देताना आपला माणूस वाचवता येईल. हे सहाही जण शेवटच्या सहांत पोहोचले. हा गोऱ्यांवरचा अन्याय नाही का, अशी कुरबूर काही प्रेक्षकांनी केली. आधीच्या हंगामांत गोऱ्यांच्या आघाड्या व्हायच्या तेव्हा त्यांना नुसत्या आघाड्याच म्हणत. अंतिम फेरीत झेवियर प्रेथर ९ विरुद्ध ० मतांनी जिंकला. त्याला मत देणाऱ्या परीक्षकांत आघाडीने घराबाहेर काढलेले गोरे स्पर्धकही होते.